दहा किलो शेवाळ, आठ कप चहा

मागच्या अंकात गोबरगॅसवर लिहिताना शेवटी एक वाक्य सहज टाकून दिलं होतं, की समुद्रातल्या शेवाळापासून साधारण अशाच आंबवणीने हायड्रोजनही काढता येतो. ते वाक्य अंगाशी आलं. शेणाबद्दल एकाही वाचकाने विचारलं नाही, शेवाळाबद्दल मात्र पत्रांनी पिशवी भरली. तेव्हा या वेळचं सदर शेवाळाचंच. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी शास्त्रज्ञ नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कारखान्यात ३१ वर्षं फर्मेंटरभोवती, म्हणजे आंबवणीच्या टाक्यांभोवती, फिरण्यात गेली, आता ऐरोलीत राहतो. त्यामुळे माझी उत्तरं पुस्तकापेक्षा शॉपफ्लोअरकडे झुकतात.

काका, २०२२ मध्ये नितीन गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीतून संसदेत गेले होते, तो व्हिडिओ आम्हाला सरांनी दाखवला. हायड्रोजन महाग पडतो म्हणतात. पण शेवाळ तर समुद्रात फुकट उगवतं. मग त्याचा हायड्रोजन करून गाड्या का चालवत नाहीत? आणि जंतू हायड्रोजन करतात म्हणजे नेमकं काय करतात?
— अकरावी सायन्सचा विद्यार्थी, कळवा

तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

आपण साखर खातो, तिच्यातली ऊर्जा काढून घेतो आणि उरलेले इलेक्ट्रॉन श्वासातल्या ऑक्सिजनच्या गळ्यात मारतो. झाकणबंद पिंपातल्या क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंना ऑक्सिजन सोसतच नाही. पण साखर फोडल्यावर नकोसे इलेक्ट्रॉन त्यांच्याकडेही उरतातच, आणि ते कुठेतरी टाकल्याशिवाय पुढची साखर फोडता येत नाही. मग ते पाण्यातल्या हायड्रोजन आयनांवर टाकले जातात आणि हायड्रोजन वायूचा बुडबुडा वर येतो. हे काम करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) नाव हायड्रोजनेज. मार्जरी स्टीफन्सन आणि लिओनार्ड स्टिकलंड या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये त्याचं हे बारसं केलं. आपण ज्याला इंधन म्हणतो तो जंतूंच्या लेखी केर आहे, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

केर वेळेवर उचलला नाही तर काय होतं? संध्याकाळचं ठाणे स्टेशन आठव. पूल तुंबला की फलाटावरची माणसं हलत नाहीत, आणि फलाट भरला की लोकलमधून उतरणाऱ्याला पाय टेकायला जागा उरत नाही. पिंपात हायड्रोजनचा दाब वाढला की असंच होतं. जंतू हायड्रोजन सोडायचं कमी करतात आणि इलेक्ट्रॉन लॅक्टिक आम्लात, अल्कोहोलात, जिथे जागा मिळेल तिथे कोंबतात. म्हणून वायू सतत खेचून घ्यावा लागतो.

आता हिशेब. मोल शिकला असशील, रेणू मोजायचं डझनासारखं माप. ग्लुकोजचा एक मोल म्हणजे १८० ग्रॅम. जंतूंनी तो ॲसेटिक आम्लाच्या वाटेने फोडला तर ४ मोल हायड्रोजन मिळतो, म्हणजे ८ ग्रॅम. ब्युटिरिक आम्लाच्या वाटेने फोडला तर २ मोल, म्हणजे ४ ग्रॅम. प्रत्यक्षात दोन्ही वाटा एकदमच चालू असतात, शिवाय चोरवाटा वेगळ्या, त्यामुळे हाती येतात ते बहुतेकदा दोनच्या आसपास. आणि त्याच साखरेतून, पाण्याची मदत घेऊन, मुळात निघू शकला असता किती? १२ मोल! म्हणजे जंतूंचा दिवस कितीही चांगला गेला तरी एक तृतीयांश माल वायूत आणि दोन तृतीयांश पिंपातल्या आंबट पाण्यात. हे आंबट पाणी विसरू नकोस, पुढे लागणार आहे.

आता शेवाळ तागडीत टाकू. ओल्या शेवाळात ८० ते ९० टक्के पाणीच असतं. दहा किलो आणलंस तर वाळून किलोभर उरेल, फार तर दोन. मी किलो धरतो. किलोभर सुक्या शेवाळातून प्रयोगशाळेत काही दशक लिटर हायड्रोजन मिळतो, शेवाळ चांगलं आणि हात सराईत असला तर शंभराच्या घरात. आपण ५० लिटर धरू. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण त्यांचं वजन भरतं साडेचार ग्रॅम. ग्रॅममागे १२० किलोज्यूल उष्णता, म्हणजे एकूण ५४०. शेगडीवर त्यातली साठ टक्के भांड्याला लागली असं समजलं तर लिटरभर पाणी उकळेल. दहा किलो शेवाळ, आठ कप चहा. एवढंच काम तुमच्या घरच्या सिलिंडरमधला जेमतेम १२ ग्रॅम गॅस करतो.

गडकरींची ती गाडी टोयोटाची मिराई. तिच्या टाक्यांत साधारण साडेपाच किलो हायड्रोजन मावतो, तोही ७०० बार, म्हणजे हवेच्या सुमारे सातशेपट, दाबाने ठासून. वरच्या हिशेबाने एकदा टाकी भरायला बारा टनांहून जास्त ओलं शेवाळ लागेल. तेवढं खडकांवरून खरवडून, ट्रकात घालून आणायला लागणारं डिझेल कोण मोजणार? फुकट ते समुद्रात असेपर्यंत.

नातवंडांसाठी चायना ग्रासची जेली करते. तो शेवाळापासून होतो असं पाकिटावर वाचलं. ती जेली मे महिन्यात ओट्यावर राहिली तरी वितळत नाही. दूध तासाभरात नासतं, तिला मात्र दिवसभर काही होत नाही. मग हे जंतू शेवाळ खाणार तरी कसे?
— एक आजी, सानपाडा

तुमचं पत्र वाचून मी चष्मा काढून ठेवला. परिषदांमध्ये लोक जो प्रश्न वीस स्लाइड दाखवून मांडतात, तो तुम्ही ओट्यावर मांडलात.

चायना ग्रास म्हणजे अगार, लाल शेवाळातून काढतात. जंतुशास्त्रात तो आला तोही स्वयंपाकघरातूनच. १८८१ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेस्से नावाचे डॉक्टर जिलेटिनवर जंतू वाढवत होते. उन्हाळ्यात जिलेटिन वितळे, आणि काही जंतू तर ते खाऊन पातळच करून टाकत. त्यांच्या पत्नीने, फॅनी हेस्से यांनी, सुचवलं की मी जेलीला अगार घालते, तो घालून बघा. अगार वितळायला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं आणि गोठतो चाळिशीच्या खाली. पण खरी गंमत अशी, की बहुतेक जंतूंना तो पचतच नाही. म्हणून तर आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू अगारच्या बशीत वाढवतात. त्यांना बसायला दिलेलं ताट ते खात नाहीत.

शेवाळाची हायड्रोजन-आंबवणी म्हणजे जंतूंना तेच ताट खायला लावणं. लाल शेवाळात अगार किंवा कॅराजीनन असतो. आइस्क्रीम लवकर पाणी सुटू देत नाही तो हाच कॅराजीनन. तपकिरी शेवाळात अल्जिनेट. दाताचा साचा घेताना डॉक्टर तोंडात जो गुलाबी लगदा भरतात तो अल्जिनेटचा, आणि कापडाच्या छपाईत रंग पसरू नये म्हणून जो डिंक घालतात त्यातही तोच. जंतूंना आयतं खाता येईल असं थोडं असतं: तपकिरी शेवाळात मॅनिटॉल आणि लॅमिनारिन, हिरव्यात थोडा स्टार्च. शेवाळाची एक जमेची बाजू सांगायलाच हवी, की त्यात लाकडासारखं लिग्निन जवळजवळ नसतं. लाकूड फोडताना अर्धं आयुष्य लिग्निनशी झगडण्यात जातं, ते इथे वाचतं.

पण डिंक फोडावा लागतोच. सौम्य आम्लात शिजवायचा, नाहीतर विकरं वापरायची. शिजवताना आच जास्त झाली की साखर करपते. पाक करपल्यावर जो कडूपणा येतो ना, तसली काही द्रव्यं तयार होतात आणि तीच जंतूंना मारक ठरतात. शिवाय सरपण बघा. दहा किलो ओलं शेवाळ ३० अंशांवरून नुसतं १०० अंशांवर न्यायलाच २,८०० किलोज्यूल लागतात. मिळणार किती, तर ५४०. म्हणजे आठ कप चहासाठी आधी चाळीस कपांचं आधण जाळायचं! कारखान्यात एका बॅचची उष्णता दुसरीला देऊन बरीचशी वाचवता येते, ते आमचं रोजचंच काम होतं. पण सगळी नाही वाचत. म्हणून आता बराच जोर कमी तापमानाच्या विकरांवर आणि खुद्द समुद्रातून शोधलेल्या, शेवाळ खायची सवय असलेल्या जंतूंवर आहे.

तुम्ही हे दुसऱ्यांच्या आकड्यांवर लिहिता, की स्वतः हात घातला आहे?
— रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, वाशी

घातला आहे, मॅडम, आणि त्या हाताचा वास दोन दिवस गेला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, विभागप्रमुखांच्या कृपेने, टी.वाय.ची चार मुलं आणि मी असे बसलो होतो. शेवाळ उल्वा जातीचं, कोबीच्या कोवळ्या पानासारखं पातळ आणि हिरवं. मेहुण्यांनी रत्नागिरीजवळच्या खडकांवरून गोळा करून गोणीत पाठवलं. ती गोणी पनवेलहून ऐरोलीपर्यंत आणताना लोकलच्या डब्यात मला बसायला ऐसपैस जागा मिळाली. कॉलेजच्या गच्चीवर ते वाळवलं आणि मिक्सरला लावलं. मिक्सर कोणाच्या घरचा होता ते विचारू नका.

विरजण मुरबाडकडच्या एका शेतावरच्या गोबरगॅसची स्लरी. तिच्यात हायड्रोजन करणारे जंतू असतात तसे तो खाऊन मिथेन करणारेही असतात. त्यांना वेगळं काढायची युक्ती साधी आहे: स्लरी अर्धा तास उकळत्या पाण्यात धरायची. मिथेनवाले मरतात. क्लॉस्ट्रिडियम बीजाणू (टणक कवचातलं झोपी गेलेलं रूप) करून बसतात आणि थंड झाल्यावर पुन्हा उगवतात. आयुष्यभर मी याच बीजाणूंशी वैर केलं. १२१ अंशांवर वाफ देऊन फर्मेंटर निर्जंतुक करायचे, आणि तरीही एका नाइट शिफ्टला एका स्टीम ट्रॅपने, म्हणजे वाफेच्या नळीवरच्या झडपेने, दगा दिला. पहाटे सॅम्पल काढायला गेलो तर टाकीतून आंबट भपकारा. अख्खी बॅच ड्रॉप, आणि मग आठवडाभर खुलासे. निवृत्तीनंतर त्याच मंडळींना मी हौसेने सांभाळत होतो.

पहिली बाटली फसली. दोन लिटरच्या बाटलीत दीड लिटर पाणी, ६० ग्रॅम पावडर, विरजण, ३७ अंश. दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले म्हणून मुलं खूश. पण वास सडक्या अंड्यांचा. हायड्रोजन सल्फाइड ओळखायचा लेड ॲसिटेटचा कागद धरला तो मिनिटात काळा. शेवाळ मी नुसतं झटकून वाळवलं होतं, तिथेच चुकलं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, उल्वाच्या डिंकातही गंधक असतं. सल्फेटवर जगणारे जंतू हायड्रोजन मटकावतात आणि बदल्यात हायड्रोजन सल्फाइड देतात. दूध तापवायला ठेवावं आणि मांजर आधीच ओट्यावर असावं, तसं.

दुसऱ्या वेळी तीन पाणी धुतलं, सौम्य आम्लात गरम केलं, कॉस्टिक सोड्याने आम्ल मारलं आणि पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ६ ला सोडलं. संध्याकाळी छान वायू येत होता, सकाळी पाहतो तर बंद. पीएच ४.३! जंतूंनी स्वतःच्याच आंबटपणात स्वतःला बुडवून घेतलं होतं. थेंब थेंब कॉस्टिक घालत साडेपाचपर्यंत आणला तेव्हा दुपारी पुन्हा बुडबुडे सुरू झाले. पुढचे दोन दिवस मी आणि एक मुलगा पाळ्या लावून पीएच पेपर घेऊन बसलो. निघणारा वायू आधी चुन्याच्या निवळीतून नेला, ती पाहता पाहता दुधाळ झाली. म्हणजे कार्बन डायऑक्साइड बरोबर आहेच. मग तो कॉस्टिकमधून नेऊन पाण्यावर उपड्या ठेवलेल्या मापाच्या नळकांड्यात जमवला. तीन दिवसांत १.९ लिटर. परीक्षानळीत थोडासा घेऊन काडी लावली. 'फट्!' शेजारच्या वर्गातल्या मुली धावत आल्या.

हा आकडा किलोला ३२ लिटर पडतो. वर कळव्याच्या मुलाला ५० धरून दिले, ते माझ्यापेक्षा शहाणे हात गृहीत धरून.

तिसरी बाटली मात्र तुम्ही विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्या. हायड्रोजन काढून झाल्यावर जे उरलं, आंबट पाणी आणि चोथा, त्याला खवट तुपाचा वास येत होता, तो ब्युटिरिक आम्लाचा. ते टाकून न देता त्यात न उकळलेली, म्हणजे मिथेनवाले जिवंत असलेली स्लरी घातली आणि तीन आठवडे ठेवून दिलं. साडेपाच लिटर मिथेन निघाला. उष्णतेच्या हिशेबात मांडलं तर हायड्रोजनचे २० किलोज्यूल आणि मिथेनचे १९७. ज्या वायूसाठी एवढा खटाटोप केला तो दहावा हिस्सा, आणि जे ओतून देणार होतो त्यात नऊ.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पिकांच्या काडीकचऱ्यावर असंच दोन टप्प्यांचं काम झालं आहे, आधी हायड्रोजन, मग मिथेन. शेवाळाच्या बाबतीत मला हीच एक वाट शहाणपणाची वाटते. पहिला टप्पा वगळून सरळ मिथेनच केला तरी माझी तक्रार नाही.

मी पाण्याच्या कॅनमध्ये घरी करून बघू का? सायन्स एक्झिबिशनला ठेवायचं आहे.
— आठवीतला मुलगा, कोपरी

नाही. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही हायड्रोजन असला तरी तो पेटतो, स्विचची ठिणगीही पुरते, आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. शेवाळ कुजून येणारा हायड्रोजन सल्फाइड तर त्याहून वाईट. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर २००९ मध्ये उल्वाच्या कुजत्या थरात पाय रुतून एक घोडा तिथेच मेला आणि स्वार बेशुद्ध झाला. एक्झिबिशनला जंतूंसाठी थोडं खाणं मिसळलेल्या चायना ग्रासच्या दोन बशा ठेव, एका बशीवर धुतलेलं बोट टेकव, दुसरीवर न धुतलेलं, आणि दोन्ही झाकून, टेप लावून दाखव. बक्षीस त्यालाही मिळेल.

आम्ही बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातले. खाडीत मासळी पूर्वीसारखी राहिली नाही. शेवाळाची शेती करून हायड्रोजनवाल्या कंपन्यांना विकता येईल असं एकाने सांगितलं. खाडीत दोर बांधून शेवाळ लावलं तर येईल का? बोट आहे, माणसं आहेत.
— एक मच्छीमार

भाऊ, खाडी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, म्हणून आधी शेवाळाला काय लागतं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा. आपल्या देशात ज्याची शेती होते ते मुख्यतः कॅपाफायकस नावाचं लाल शेवाळ. त्याला उजेड आत पोचेल असं नितळ पाणी, बारमाही खारटपणा आणि वाहता पण बेताचा प्रवाह लागतो. तमिळनाडूत रामनाथपुरमकडे तीन मीटर लांब-रुंद बांबूच्या तराफ्यांवर ते बांधतात आणि साधारण ४५ दिवसांत कापतात. ठाण्याच्या खाडीत हात बुडवला तर कोपर दिसत नाही. पावसाळ्यात वरून एवढं गोडं पाणी येतं की खारटपणा पार उतरतो. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी किती वर्षं त्यात गेलं ते तुमच्या जाळ्यांना माहीत आहे, आणि शेवाळ जड धातू शोषून घेतं. शिवाय खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तेव्हा इथे नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे, खडकाळ आणि नितळ जागी, करता येण्यासारखं आहे. पण पावसाळ्याचे चार महिने तराफे टिकत नाहीत हे धरून चाला. आणि परक्या जातीचं शेवाळ कुठेही सोडू नये. मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळ हेच कॅपाफायकस प्रवाळांवर चढून बसलं आहे.

विकायचं कोणाला, हा खरा प्रश्न. हायड्रोजनसाठी शेवाळ विकत घेणारा मला तरी आजवर भेटलेला नाही. कॅराजीननवाले घेतात, खतवाले घेतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्थेने ताजं कॅपाफायकस चिरडून रस वेगळा काढायची पद्धत बसवली. तो रस पिकांवर फवारतात आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन निघतो. उसासारखंच आहे हे. कोणी ऊस थेट चुलीत घालत नाही. रसाची साखर, मळीची दारू, चिपाड बॉयलरला, आणि सगळ्यात शेवटी स्पेंटवॉशचा, म्हणजे दारू काढून उरलेल्या सांडपाण्याचा, गॅस. शेवाळाचाही डिंक आणि रस विकून जो गाळ राहील तो आंबवणीला द्यावा. आणि जाता जाता, हायड्रोजनची आंबवणी करायचीच असेल तर महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या दारात आयतं गोड सांडपाणी आहे. ना मीठ, ना डिंक. समुद्रात उतरायच्या आधी तिकडे बघायला हवं, असं माझं मत. तुमच्या बोटीला त्याचा उपयोग नाही, हे मात्र कबूल.

'जगात पहिल्यांदाच शेवाळ आंबवून इंधन' अशी जाहिरात करणाऱ्या एका योजनेत पैसे घालायचा विचार आहे. दर महिन्याला ठरावीक परतावा देणार म्हणतात.
— निवृत्त बँक अधिकारी, घोडबंदर रोड

ठरावीक परतावा म्हटल्यावर बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने मला का विचारावं?

'पहिल्यांदाच' बद्दल मात्र सांगतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पोटॅश अमेरिकेला मिळेनासा झाला आणि ब्रिटनला दारूगोळ्यासाठी ॲसिटोन हवा होता. १९१६ मध्ये हर्क्युलिस पावडर कंपनीने कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ चुला व्हिस्टा इथे कारखाना उभारला. बोटींनी समुद्रातलं केल्प नावाचं अजस्र शेवाळ कापून आणायचं, मोठमोठ्या टाक्यांत आंबवायचं, ॲसेटिक आम्लापासून ॲसिटोन आणि राखेच्या भागातून पोटॅश. म्हणजे त्यांनी आंबट पाणी विकलं! युद्ध संपलं, पोटॅश पुन्हा स्वस्त झाला आणि कारखाना बंद पडला. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. तुमच्या योजनावाल्यांना तीनच गोष्टी विचारा: सुक्या किलोमागे किती लिटर, सलग किती दिवस टाकी चालली, आणि आंबट पाण्याचं काय करता. तिसऱ्यावर जो गप्प बसेल त्याला चहा पाजून परत पाठवा.

शेवाळाच्या हायड्रोजनला 'हरित' म्हणता येतं का? परीक्षेत येऊ शकतं.
— एमपीएससीची तयारी करणारी, नौपाडा

येतं, अटीवर. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ ला मंजुरी दिली. तरतूद १९,७४४ कोटी रुपये, उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. ऑगस्ट २०२३ मध्ये व्याख्या आली: एक किलो हायड्रोजनमागे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात २ किलोंपेक्षा जास्त उत्सर्जन नको. ही व्याख्या पाण्याच्या विद्युतविघटनाला लागू आहे तशी जैवभारापासून केलेल्या हायड्रोजनलाही. आंबवणीत किलोमागे कमीत कमी ११ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पण तो शेवाळानेच पाण्यातून घेतलेला असतो. अडचण बाहेरून आणलेल्या वाफेची, कॉस्टिकची आणि डिझेलची. दोन किलोंची मर्यादा ओलांडली जाण्याची भीती तिथेच.

गेले पंधरा दिवस बी विंगच्या जिन्यात खवट तुपाचा वास येतो आहे. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, कोणी बोलत नाही. तुमचं मागचं सदर वाचलं आणि शंका आली.
— तुमच्याच इमारतीतून, ऐरोली

शंका बरोबर आहे. कॉलेजला परीक्षेसाठी प्रयोगशाळा रिकामी हवी होती, म्हणून नव्या बॅचचं उरलेलं आंबट पाणी वीस लिटरच्या कॅनमध्ये भरून मी गॅलरीत ठेवलं. कोपरीच्या मुलाला नाही म्हणणारा मीच! वायू निघायचा थांबलेला आहे, त्यामुळे भीतीचं काही नाही, पण झाकणाचं वायसर फाटलेलं निघालं. सौ.ने ग्रुपवर गप्प राहायची अट आधीच घातली होती. रविवारी सकाळी मेहुण्यांची गाडी येते आहे. कॅन मुरबाडला जाईल, ज्या गोबरगॅसमधून विरजण आणलं त्यातच ओतून यायचं ठरलं आहे. तोपर्यंत झाकणावर ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा दोरीने आवळून बांधला आहे, आणि जिना मी स्वतः दोनदा फिनाइलने पुसला.